जेलकोटवरच्या सुरकुत्या
सांगलीजवळ कुपवाडमधील माझ्या लहानशा शेडमध्ये गेल्या पावसाळ्यात फायबरचे झाकण साच्यातून काढले, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या दिसल्या. प्रथम मी झाकण साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या मेणाला दोष दिला. तो चुकीचा होता. जेलकोट, म्हणजे साच्यात सर्वांत आधी लावायचा रंगीत बाहेरचा थर, पातळ लागला होता आणि दमट, गार हवेत तो पुरेसा घट्ट होण्याआधीच मी त्यावर मॅट (काचतंतूंची चटई) व रेझिन (तंतूंना बांधून घट्ट होणारा द्रव) चढवले होते, त्यामुळे रेझिनमधील स्टायरिन हे द्रावक त्या कच्च्या थरात शिरून तो फुगला.

पुढच्या वेळी साच्याला मेणाचे चार हात देऊन वर पीव्हीएचा (वाळल्यावर पातळ पडदा होऊन झाकण सुटायला मदत करणाऱ्या द्रवाचा) थर वाळू दिला. हार्डनर (जेलकोट व रेझिन घट्ट करणारे रसायन) अंदाजाने न ओतता जेलकोटच्या वजनाच्या 2 टक्के मोजून घातला, थर सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवला आणि पृष्ठभाग चिकट लागेल, पण रंग बोटाला येणार नाही, इतका वेळ थांबलो. (कोबाल्ट, म्हणजे घट्ट होण्याचा वेग वाढवणारे रसायन, आणि हार्डनर मात्र थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो.) मग चौरस मीटरला 300 ग्रॅमची मॅट आधी आणि 450 ग्रॅमची नंतर अंथरून लोखंडी रोलरने कोपऱ्यांतील हवा काढली. दुसऱ्या दिवशी लाकडी पाचरीने झाकण सुटले. एका कोपऱ्यात बुडबुडा राहिला होता, तो जेलकोटनेच भरला.