बारमाही फुलांचा वाफा: आखणी मे महिन्यापासून करा

पावसाळ्यात रोपवाटिकेत जायचं आणि त्या दिवशी जे फुललेलं दिसेल ते उचलून आणायचं, असं बहुतेक घरी होतं. मग महालक्ष्म्यांना वाफा भरगच्च असतो आणि उन्हाळ्यात नुसत्या काड्या उरतात. मराठवाड्यात आखणी उलटी करावी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि बोअरचं पाणी आटतं. त्या दिवसांत जे तगतं आणि फुलतं ते आधी ठरवा, बाकीच्या ऋतूंची झाडं त्याच्याभोवती बसवा.

जागा आणि माती

15 फूट लांब आणि 4 फूट रुंद वाफा घरापुरता पुरे. सकाळपासून निदान सहा तास ऊन हवं. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत शक्यतो टाळा, ती दुपारनंतर तापते आणि रात्री उष्णता सोडत राहते.

खणण्याआधी फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं असेल, तर जमिनीच्या पातळीवर लावलेलं काहीच टिकणार नाही. काळी माती पावसात फुगून हवा कोंडते, मुळं कुजतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि मुळं तोडते. उपाय एकच, 9 इंच उंचीचा गादीवाफा. मे महिन्यात दीड फूट खणून माती उन्हात तापू द्या. मग चाळलेला लाल मुरूम 20 घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत 20 घमेली आणि निंबोळी पेंड 3 किलो मिसळा. पांढरट मुरूम घेऊ नका. त्यात चुना असतो आणि आपल्या मातीत तो आधीच जास्त आहे. चुन्यामुळे झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर कारण बहुधा हेच. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा.

कोणतं झाड कुठे

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. उंच झाडं उत्तरेला किंवा पश्चिमेला असावीत, म्हणजे बाकीच्यांवर सावली पडत नाही किंवा पडली तर दुपारनंतरची पडते.

मागची ओळ हा वाफ्याचा आधार: मधोमध गावरान लाल जास्वंद, तिच्या दोन्ही बाजूंना साडेतीन फुटांवर एकेक मोगरा, दोन्ही टोकांना पिवळी कोरांटी. जास्वंद जवळपास वर्षभर फुलते, मोगरा मार्चपासून पावसाळ्यापर्यंत, कोरांटी हिवाळ्यात. कोरांटीला काटे असल्याने शेळ्याही लांब राहतात.

मधल्या ओळीत निशिगंधाचे पाच-पाच कंदांचे तीन पुंजके आणि त्यांच्या आजूबाजूला शेवंतीची आठ रोपं, फुटाच्या अंतराने. वासासाठी निशिगंध सिंगल पाकळीचाच घ्या. कंद दोन इंच खोल, दोन कंदांत आठ इंच अंतर. जूनअखेर लावलेला दसऱ्याच्या सुमारास दांडे देतो. पुढच्या कडेला सदाफुलीची सहा रोपं आणि अधल्यामधल्या जागेत पावसाळी लिलीचे 30 कंद. ओळींमध्ये शहाबादी फरशीचे तुकडे ठेवा, नाहीतर खुरपताना पाय पडून माती दडपते.

छाटणी

इथे बहुतेक वाफे फसतात.

मोगऱ्याला नुसतं पाणी देत राहिलं की पानंच येतात. नोव्हेंबरअखेर पाणी कमी करा. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या आसपास दीड फुटावर छाटा, उरलेली पानं काढा, घमेलंभर शेणखत घाला आणि पुन्हा पाणी सुरू करा. कळी नव्या फुटीवरच येते, म्हणून छाटणी चुकली की त्या उन्हाळ्याचा बहर गेला.

शेवंतीचा शेंडा जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दोनदा खुडा, नंतर हात लावू नका. दिवस लहान होऊ लागले की ती कळी धरते. जवळ रस्त्याचा दिवा असेल आणि उजेड रात्रभर अंगावर पडत असेल, तर तिला दिवस लहान झाल्याचं कळतच नाही आणि फुलं लांबतात. अशा वेळी जागाच बदला. बहर संपला की तीन इंचांवर कापा. खालून येणाऱ्या काश्या, म्हणजे मुळाशी फुटणारी नवी रोपं, उन्हाळाभर अर्ध्या सावलीत जपून जूनमध्ये परत लावा.

कोरांटी फेब्रुवारीनंतर अर्धी छाटावी.

उन्हाळ्यातलं पाणी

फेब्रुवारीतच वाफ्यावर तीन इंच सोयाबीनचं भुसकट पसरा, खोडापासून चार बोटं सोडून. खोडाला चिकटलं तर वाळवी लागते. मोगरा आणि जास्वंदीला दिवसाआड चार-पाच लिटर पाणी ठिबकने, सूर्योदयाच्या आत. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी घालायचा मोह होतो, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. ते सतत घातलं की मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात.

याच दिवसांत जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, आठवड्याच्या अंतराने दोनदा. मुंग्यांची रांगही मोडायला हवी, कारण त्याच ही कीड जपतात आणि पसरवतात.

तिसऱ्या वर्षी निशिगंधाचे दांडे बारीक होऊ लागतात. एप्रिलमध्ये कंद खणून सुटे करा, सावलीत सुकवा आणि मोठे तेवढेच नव्याने लावा.