आण्यांच्या काळातली स्मारक तिकिटं कशी जमवावीत

स्वतंत्र भारताचं पहिलं टपाल तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालं. त्यावर तिरंगा, ‘जय हिंद’ आणि किंमत साडेतीन आणे. संग्रहाची सुरुवात इथूनच करा आणि शेवटही आधीच ठरवा. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, तेव्हा आण्यांतली स्मारक तिकिटं एवढीच हद्द घ्या. सगळंच जमवायला निघालेल्याचा अल्बम अर्धवट राहतो.

आधी सहज मिळणारी, वापरलेली तिकिटं घ्या. १९५२ च्या संत-कवी मालिकेत कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर आहेत. १९५३ चं रेल्वे शताब्दीचं दोन आण्यांचं तिकीटही लवकर सापडतं.

पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका. भोवती बोटभर कागद ठेवून कापा, गार पाण्यात टाका आणि ते आपोआप सुटेपर्यंत थांबा. मग टिपकागदावर पालथं वाळवा. मात्र शिक्का स्वच्छ, तारीख वाचता येणारी असेल तर पाकीट अख्खंच जपा. तिकिटापेक्षा त्याचं मोल जास्त.

आता चिमट्याने धरून तपासा. चारही बाजूंचे दाते शाबूत हवेत. उजेडासमोर धरल्यावर कागद कुठे विरलेला दिसला तर सोडून द्या. काळ्या पृष्ठभागावर पालथं ठेवलं की नाशिकच्या छापखान्यातल्या या तिकिटांच्या कागदात ताऱ्यांचा जलचिन्ह-नक्षा, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, दिसतो. तो नीट दिसायला कधी बेंझिन या पटकन पेटणाऱ्या द्रवाचा थेंब लागतो. तेव्हा जवळपास दिवा, काडी काही नको.

१५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची चार तिकिटं मात्र स्वित्झर्लंडला कूर्व्हॉझिये छापखान्यात छापली गेली, त्यांत जलचिन्ह नाही. ‘बापू’ हा शब्द देवनागरी आणि उर्दू लिपीत आहे. माझ्या मते साऱ्या मालिकांत देखणी हीच. यातल्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला बाजारात फिरतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी आणि तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रासहच घ्या. भिंगाखाली वेगवेगळ्या रंगांचे ठिपके मिळून चित्र झालेलं दिसलं, तर समजा नक्कल आहे.

कोरी तिकिटं हिंजने (अल्बममध्ये तिकीट लावायच्या छोट्या डिंकपट्टीने) चिकटवू नका, मागचा डिंक बिघडतो. स्टॉक बुक (तिकिटं खोचून ठेवायची पट्ट्यांची वही) उभं ठेवा, शेजारी सिलिका जेल ठेवा. पावसाळ्यात दमटपणामुळे दात्यांवर तपकिरी डाग पडतात, ते पुसले जात नाहीत. डागाळलेलं तिकीट दिसताच बाकीच्यांपासून वेगळं करा.