लिहायला बसण्याआधी लिहून घ्या: घरबसल्या लेखन करणाऱ्यांनी या चुका टाळा

मी भुसावळला राहते, गेली नऊ वर्षं घरून लिहितेय. शेतीचे लेख, वेबसाइटचा मजकूर, दुकानांची माहितीपत्रकं, यूट्यूबवाल्यांच्या स्क्रिप्ट. मुलीची फी आणि घराचा हप्ता यातूनच जातो. दर आठवड्याला कोणाचा तरी फोन येतो, कधी धुळ्याहून, कधी शहाद्याहून, आणि रड तीच असते, ताई काम करून दिलं पण पैसे अडकले. मी विचारते, ठरलं काय होतं? तर म्हणतात, फोनवर बोलणं झालं होतं.

ही पहिली चूक आणि सगळ्यात महागाची. मी स्वतः केलीय म्हणून पोटतिडकीने सांगते. २०१९ मध्ये पुण्याच्या एका एजन्सीचं काम आलं, केळी आणि कापसावर २४ लेख, प्रत्येकी हजार शब्द, शब्दाला ८० पैसे. माझं माहेर रावेर तालुक्यातलं, केळीच्या बागेतच वाढलेय, त्यामुळे मृगबाग, कांदेबाग, पिलबाग हे केळीच्या बागेचे सगळे प्रकार तोंडपाठ, आनंदाने बसले लिहायला. अ‍ॅडव्हान्स मागितला नाही, मोठं काम आहे, मागितलं तर हातचं जाईल असं वाटलं. सगळं बोलणं फोनवर. मग सुरू झालं, यात जरा बदल करा, त्यात जरा बदल करा, काही लेख तर मी चार-चार वेळा लिहिले कारण किती वेळा बदलून द्यायचं हे कुठे ठरलेलंच नव्हतं. होतात १९,२०० रुपये. तीन महिने पाठपुरावा केल्यावर ४,००० आले आणि मग उत्तर आलं की आमच्याच क्लायंटने पैसे दिले नाहीत. लेख मात्र त्यांच्या वेबसाइटवर लागलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

वडिलांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "वजनाचा काटा झाल्याशिवाय आपण गाडी भरू देतो का बाई?" त्या दिवसापासून माझी सवय झालीय. काम फोनवर ठरलं तरी फोन ठेवल्याबरोबर एक मेसेज पाठवते: विषय काय, किती शब्द, दर काय, दुरुस्त्या फक्त दोनदा, कधी देणार, अर्धे पैसे आधी, उरलेले कोणत्या तारखेला. समोरून "ओके" आलं आणि अर्धे पैसे खात्यात दिसले की मगच फाइल उघडते. ओळखीचा असो की नात्यातला. नवीन पोरं म्हणतात, असं केलं तर क्लायंट पळून जातो. जाऊ द्या. दोन ओळींचा मेसेज ज्याला जड होतो तो पैसे काय देणार.

याच्याच जोडीला उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून ठेवा, आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर होते, एक रुपया लागत नाही, सायबर कॅफेवाला हजार मागेल त्याला देऊ नका. २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा आहे, त्याप्रमाणे नोंदणी असलेल्यांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. पैसे अडकले तर सरकारकडे ऑनलाइन तक्रारही करता येते. पण नोंदणी काम घेण्याआधीची हवी. माझी तेव्हा नव्हती.

काम द्यायच्या आधी कोणी रजिस्ट्रेशन फी किंवा डिपॉझिट मागितलं तर फोन ठेवून द्या. टायपिंगच्या नावाखाली हे फार चालतं आणि नंतर चुका काढून वकिलाच्या नोटिशीच्या धमक्या देतात, त्यालाही घाबरू नका.

दुसरी चूक मला फार सलते, ती म्हणजे शॉर्टकट. आजकाल विषय मिळाला की एआयमध्ये टाकायचा, जे येईल ते तसंच पाठवून द्यायचं. मागच्या वर्षी एका मुलीला मी माझ्याकडचं काम दिलं होतं, केळीवर लेख. तिने लिहून दिलं की केळीच्या झाडाला दरवर्षी घड लागतो. अगं, एक खोड एकदाच निसवतं, म्हणजे त्याला एकदाच घड येतो, घड कापला की त्याचं काम संपलं, पुढचं पीक बुंध्यातून आलेल्या पिलावर. आपल्या यावल-रावेरचं शाळकरी पोरगंही हे सांगेल. तो लेख तसाच गेला असता तर वाचणाऱ्या शेतकऱ्याने पहिल्याच ओळीत पान बंद केलं असतं. तिला म्हटलं, तुझे काका सावद्याला केळी लावतात ना, त्यांना एक फोन केला असता तर? गप्प बसली. मी अजूनही प्रत्येक लेखासाठी निदान एका माणसाशी बोलते, वहीत लिहून घेते, मग लिहायला बसते. वेळ लागतो, पण मला परत काम मिळतं ते यामुळेच.

युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाइलवर मराठी नीट दिसतं. श्रीलिपी-कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल क्लायंटकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात. इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड शिकायला मला साधारण महिना लागला, आता हात आपोआप चालतो.

पैसे कमी आले म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, आधी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, कापलाय का बघा. एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० च्या वर फी झाली की साधारण १० टक्के कापतात (१ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती), पॅन दिला नाही तर २० टक्के. आयकर खात्याच्या पोर्टलवर दिसतं सगळं. कर बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात, कितीतरी लोक भरतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

आणि आता घरचं. घरी असतो म्हणजे रिकामे असतो असं सगळ्यांना वाटतं, आणि आपण ते चालू देतो ही आपली चूक. माझ्या सासूबाई अमळनेरच्या, मनाने फार चांगल्या, पण सुरुवातीला रोज म्हणायच्या, "तू त घरमाच शेस ना," म्हणजे तू तर घरातच आहेस ना, आणि मग पापड वाळवणं, पाहुण्यांचा चहा, गॅसवाला, सगळं माझ्यावर. मी भांडले नाही. पहिल्या मोठ्या कामाचे पैसे आले तेव्हा त्यांना शेजारी बसवून दाखवलं, हे एवढे शब्द, हे एवढे पैसे, आणि पहाटे ५ ते ९ मला हाक मारू नका म्हटलं. आता त्याच दारात उभं राहून शेजारणीला सांगतात, ती कामावर बसली आहे. पहाटच का, तर मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी कूलरच्या आवाजात क्लायंटशी धड बोलता येत नाही आणि लाइटचा भरवसा नसतो. राउटरला छोटा यूपीएस लावून घ्या, डेडलाइनच्या दिवशी लाइट गेल्याचं कारण कोणी ऐकत नाही.

एकाच क्लायंटवर विसंबून राहू नका. माझ्या महिन्याच्या कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा एकाच ठिकाणाहून यायला लागला की त्याच आठवड्यात मी दोन नवीन ठिकाणी नमुने पाठवते, हातात कितीही काम असलं तरी.