पेलेट स्टोव्ह पेटत नाही? आधी राख काढा

दर जानेवारीत, बाहेर उणे पंधरा-वीस झालं की रात्री साडेनऊच्या सुमारास मला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "ताई, स्टोव्ह पेटतोय आणि पंधरा मिनिटांत विझतोय. कंट्रोल बोर्ड गेला असेल का? ऑनलाइन मिळतोय, मागवून टाकू?" मी एवढंच विचारते, "शेवटचा साफ कधी केला होतास?" पलीकडे जरा शांतता. मग, "काच तर रोज पुसतो की!"

काच पुसणं हे देव्हाऱ्यावरची धूळ झटकण्यासारखं आहे. ते करावंच, पण त्याला साफसफाई म्हणू नये.

मी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या दक्षिण भागात राहते. घर घेतलं तेव्हा बैठकीच्या खोलीत पेलेट स्टोव्ह, म्हणजे पेलेट नावाच्या लाकडी कांड्या जाळून खोली तापवणारी, विजेवर चालणारी शेगडी, आधीपासूनच होता. त्याला आता अकरा हिवाळे झाले. मी तंत्रज्ञ नाही, पण मिरजेच्या घरी तांब्याच्या बंबाची जाळी आणि धुराडं साफ करणं माझ्याकडे होतं, आणि आजीकडे भुशाची शेगडी होती. डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा, बाटली अलगद उपसायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. व्हिडिओ कॉलवर आईला पेलेट दाखवले तर ती म्हणाली, "अगं, हा आपला भुसाच की!" खरंच आहे. तोच भुसा, फक्त वाळवून, प्रचंड दाबाखाली सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या केलेला. शेगडीत भुसा सैल ठासला की काय व्हायचं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना पेलेट स्टोव्हची निम्मी दुखणी आपोआप कळतील.

आधी आत काय चालतं ते बघा. हॉपरमधल्या, म्हणजे पेलेट साठवायच्या टाकीतल्या, कांड्या ऑगर नावाचा मळसूत्री दांडा थोड्या थोड्या करून बर्न पॉटमध्ये, म्हणजे आग जळते त्या भांड्यात, टाकतो. पॉटच्या तळाशी आणि कडेला भोकं असतात, त्यांतून हवा आत येते. ही हवा कुणी फुंकत नाही. धुराच्या वाटेवर बसवलेला एक्झॉस्ट पंखा ती ओढून घेतो, म्हणजे आपल्या फुंकणीच्या बरोबर उलट. दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांतून फिरवून परत खोलीत सोडतो. धुराची हवा आणि खोलीची हवा एकमेकींना कधीच भेटत नाहीत, भेटता कामा नयेत. म्हणून स्टोव्ह असलेल्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. तो नसेल तर पुढचं वाचायच्या आधी जाऊन आणा.

आता राखेचा हिशेब. एक पोतं ४० पौंडांचं, म्हणजे साधारण १८ किलोचं, आणि इथल्या एका टनात अशी ५० पोती. चांगल्या पेलेटमध्ये राख एक टक्क्याहून कमी असते. अर्धा टक्का धरली तरी टनामागे साडेचार किलो झाली. ही राख मैद्यासारखी हलकी. सगळी काही ट्रेमध्ये पडत नाही, बरीचशी पंख्याच्या ओढीबरोबर उडते आणि मागच्या पोकळ्यांत, नळ्यांवर, धुराच्या पाइपात जाऊन बसते. आम्ही हिवाळ्याला तीन टन जाळतो. म्हणजे साफ केलंच नाही तर वसंत येईतो तेरा-चौदा किलो मैदा त्या यंत्राच्या छातीत.

साफ करताना पहिला नियम: चालू स्टोव्हचा प्लग कधीही ओढायचा नाही. बटणानं बंद करा. पंखा पुढे बराच वेळ धूर बाहेर टाकत राहतो, त्याला ते करू द्या. मी रात्री बंद करते आणि सकाळी चहा झाल्यावर हात घालते. प्लग तेव्हा काढायचा.

दुसरा नियम मी फजिती होऊन शिकले. पहिल्या वर्षी घरचाच व्हॅक्यूम क्लीनर लावला. राख फिल्टरमधून आरपार गेली आणि सोफा, पडदे, नवरा, सगळ्यांना विभूती लागली. तेव्हा हसलो, पण राखेत निखारा असता तर त्याच क्लीनरच्या पिशवीनं पेट घेतला असता. राखेसाठी धातूच्या डब्याचा, बारीक फिल्टरचा ॲश व्हॅक्यूम वेगळा मिळतो, तो घ्या. आणि त्यातही राख पूर्ण गार झाल्यावरच ओढा. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, बादली घराबाहेर, लाकडी डेकवर नव्हे तर दगडावर किंवा सिमेंटवर. राखेखाली दडलेला निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहू शकतो.

रोजचं काम पाच मिनिटांचं. बर्न पॉट खरवडायचा आणि त्याच्यात क्लिंकर, म्हणजे वितळून दगड झालेल्या राखेचा खडा, असेल तर तो उचकटून काढायचा. काचेसाठी महागडे फवारे मला पटत नाहीत. ओल्या वर्तमानपत्राचा बोळा गार राखेत बुडवून घासा, काजळी निघते. राखेनं भांडी घासणाऱ्या घरातल्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

आठवड्यातून एकदा पॉट बाहेर काढायचा. प्रत्येक भोक मोकळं आहे का, ते उजेडाकडे धरून बघायचं. मी स्वेटर विणायची जुनी सुई वापरते. पॉटखालच्या पोकळीतली राख ओढायची, इग्नायटरच्या, म्हणजे पेलेट पेटवणाऱ्या विजेच्या दांडीच्या, नळीचं तोंडही साफ करायचं. नळ्या खरवडायचा दांडा असेल तर तो आठ-दहा वेळा पुढे-मागे करायचा. ट्रे रिकामा करायचा.

खरं काम दर टनाला, आणि ते बहुतेक जण करत नाहीत. आगीच्या मागची विटेसारखी दिसणारी पाटी निघते. तिच्यामागे डावीकडे-उजवीकडे छोट्या झडपा किंवा झाकणं असतात, ती उघडली की राखेचं गोदाम दिसतं. रबरी हातोड्यानं मागच्या भिंतीवर हलके ठोके द्या. संपलं असं वाटत असतानाच आणखी वाटीभर राख घसरून खाली येते. बाहेर पाइपाला टी-आकाराचा जोड असतो, त्याची खालची टोपी काढा. वर्षातून एकदा पाइपात ब्रश फिरवा आणि एक्झॉस्ट पंखा उतरवून त्याची पाती साफ करा. पंखा परत बसवताना त्याचं गास्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, नवीन घाला, जुनं वापरून वाचणाऱ्या चार पैशांत धुराचा वास घरात येतो. खोलीच्या पंख्यात राख नसते, पण मांजराचे केस आणि धूळ असते. तिथे रंगाचा जुना ब्रश चालतो.

दाराची दोरी, म्हणजे गास्केट, तपासायला कागद पुरतो. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून हवा चोरली जातेय. चारही बाजूंनी करून बघा.

आता बिघाड. पेलेट पडतात पण पेटत नाहीत, तर पॉटची भोकं आणि इग्नायटरची नळी पुन्हा बघा. मोकळी असतील तर प्लग काढून इग्नायटरच्या वायरी सोडवा आणि मल्टिमीटरनं रोध मोजा. इथल्या १२० व्होल्टवर ३०० वॉटचा इग्नायटर साधारण ४८ ओहम दाखवतो. आकडाच येत नसेल तर तो मेला, नवा मागवा. तोवर आग पेटवायच्या जेलचा छोटा ठिपका टाकून पेटवता येतं, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये ती सोय दिली असेल तरच. पेटत्या पॉटमध्ये जेल कधीच ओतू नका.

पेटून थोड्या वेळात विझतो, तर बहुधा धूर तापल्याची खबर देणाऱ्या सेन्सरवर राखेची शाल पडलेली असते. बोर्डाला वाटतं आग लागलीच नाही, म्हणून तो पेलेट थांबवतो. सेन्सर पुसा.

पेलेट पडतच नाहीत, याला कारणं पुष्कळ. मी या क्रमानं जाते. हॉपरचं झाकण आणि दार नीट लागलंय का? बऱ्याच मॉडेलमध्ये तिथे स्विच असतो. हॉपरमध्ये लांब कांड्यांचा पूल बांधला गेलाय का? वरून भरलेलं दिसतं आणि खाली भोकाडं असतं, हात घालून हलवा. तळाशी भुकटी साचलीय का? पोत्याच्या बुडाशी उरलेली भुकटी हॉपरमध्ये ओतायची नाही, हे मी घरातल्या दोन्ही माणसांना लेखी दिलं आहे. आणि पेलेट ओले झाले असतील तर फुगून परत भुसा होतो आणि ऑगरच्या भोवती सिमेंटसारखा घट्ट बसतो. पोती तळघराच्या ओल्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांच्या चौकटीवर ठेवा.

एवढं बघूनही काही नाही, तर व्हॅक्यूम स्विच. धुराची वाट तुंबली की आतली ओढ कमी होते, स्विच उघडतो, म्हणजे वीज तोडतो, आणि ऑगर थांबतो. स्विचकडे जाणारी रबरी नळी सोडवा, तिचं दुसरं टोक ज्या तोटीवर बसतं ती तोटी तारेनं मोकळी करा. नळीत फुंकायचं असेल तर ती आधी स्विचवरून काढून घ्या. स्विचच्या आतला पडदा नाजूक असतो, तुमच्या फुंकरीनं फाटू शकतो. तापमानाचा सुरक्षा स्विच पडला असेल तर बटण दाबून तो पुन्हा लागतो, पण तो पडला का हे शोधा. आमच्याकडे खोलीचा पंखा मांजराच्या केसांनी जाम होता.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे सुस्त ज्योत. चांगली ज्योत पिवळी-शुभ्र, आखूड, नाचरी. बिघडलेली लांब, केशरी, शेंड्याला काळा धूर, आणि काच दोन तासांत काळी. अर्थ एकच, हवा कमी. चौथ्या हिवाळ्यात आमचं असंच झालं. मी पॉट घासला, पाइप ब्रशनं काढला, पेलेटचा ब्रँड बदलला, दाराची दोरी बदलली. व्हॅक्यूम स्विच तक्रार करत नव्हता, म्हणून मी हवेची वाट ठीक आहे असं धरून बसले. हीच चूक. बाहेरून हवा आत घेणारा पाइप तुंबला की आतली ओढ उलट वाढते, स्विच खूश असतो आणि आग गुदमरत असते. शेवटी तंत्रज्ञाला बोलावलं. त्यानं हवेच्या पाइपाच्या तोंडात बोट घातलं आणि मातीचं एक घरटं बाहेर काढलं. कुंभारमाशीचं! मिरजेच्या खिडकीच्या चौकटीत दर उन्हाळ्यात असायचं तसंच. त्याचे मला जेवढे डॉलर पडले तेवढ्यात दहा पोती आली असती.

वीज गेली तर पंखे थांबतात आणि आत उरलेला धूर खोलीत येऊ शकतो. डिसेंबर २००८च्या बर्फाळ वादळात या राज्यात चार लाखांवर ग्राहकांची वीज गेली होती आणि कित्येकांकडे ती बरेच दिवस आली नाही. हा स्टोव्ह विजेशिवाय ठप्प. निदान विझताना पंखा फिरत राहावा म्हणून आम्ही प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखीच सुरळीत वीज देणारा, यूपीएस जोडला आहे.

एप्रिलअखेर हॉपर रिकामा करून ऑगर कोरडा चालवा आणि दर टनाचं सगळं काम पुन्हा करा. राख उन्हाळ्याच्या दमट हवेत ओल धरते आणि लोखंड खाते. मग बाहेरच्या दोन्ही पाइपांच्या तोंडात स्टील वूलचे बोळे घाला. आणि आठवणीनं स्टोव्हच्या दाराला एक चिठ्ठी चिकटवा. आमच्या चिठ्ठीवर लाल शाईत आहे: "आधी बाहेर जा. दोन बोळे काढ. मग पेटव."