रोजच्या दीड जीबीत मोठी फ्रँचायझी कशी पाहावी

मार्व्हलचे सुपरहिरो, स्टार वॉर्स, अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) यांचं वेड वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत आता नवं राहिलेलं नाही. पोट्टे यूट्यूबवरची पाच मिनिटांची मारामारी बघतात, मग मूळ सिनेमा लावतात आणि कोण कोणाचा हेच कळत नाही म्हणून अर्ध्यात सोडून देतात. काही जण उलट टोकाला जातात. सगळं पहिल्यापासून पाहायचं म्हणून भली मोठी यादी काढतात आणि तिसऱ्या सिनेमालाच दमतात. त्यात रोजचा डेटा मोजका आणि लाईनचा भरवसा नाही. म्हणून आधी थोडी आखणी करावी.

पायरी १ : सुरुवात संपलेल्या गोष्टीने करा

पहिल्यांदा पाहणाऱ्याने 'वन पीस' या अ‍ॅनिमेला हात लावू नये. मालिका चांगली आहे, पण १९९९ पासून सुरू आहे आणि ११०० च्या वर भाग झालेत. रोज दोन पाहिले तरी दीड वर्ष जाईल, आणि तेव्हाही ती संपलेली असेलच असं नाही.

त्याऐवजी 'आर्केन' ही अ‍ॅनिमेटेड मालिका घ्या. २०२१ मध्ये नऊ भाग आले, २०२४ मध्ये नऊ, आणि कथा पूर्ण झाली. ज्या व्हिडिओ गेमवरून ती काढली, तो न खेळताही सगळं समजतं. फोर्टिश या फ्रेंच स्टुडिओचं काम इतकं बारीक आहे की पात्रांच्या गालांवर कुंचल्याचे फटकारे दिसतात. पहिला सीझन दुसऱ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. दुसऱ्यात शेवटाकडे घाई झाली आहे, दोन सीझनचा मजकूर एकात कोंबल्यासारखी. मारामारी रक्ताळ आहे, त्यामुळे लहान मुलांना दाखवू नये.

मुलांसाठी 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही कार्टून मालिका घ्या. भाग ६१, प्रत्येक साधारण २३ मिनिटांचा. शोधताना मात्र हमखास गल्लत होते. या नावाने निळ्या माणसांचे सिनेमे येतात, २०१० चा फसलेला सिनेमा येतो आणि २०२४ ची खऱ्या नटांची मालिकाही येते. पोस्टरवर चितारलेली पात्रं आणि खाली २००५ साल दिसलं, तरच लावा.

पायरी २ : क्रम प्रदर्शनाचा ठेवा, कथेचा नाही

स्टार वॉर्सच्या पोस्टरवरचे आकडे फसवे आहेत. 'भाग १' आला १९९९ मध्ये, आणि पहिला सिनेमा आला १९७७ मध्ये. आकड्यांप्रमाणे गेलात तर १९८० च्या सिनेमातला सगळ्यात मोठा धक्का आधीच फुटतो. म्हणून आधी १९७७, १९८०, १९८३. ते आवडले तरच १९९९, २००२, २००५.

एकच अपवाद करावा. मोठ्या माणसांना राजकारण, हेरगिरी आवडत असेल आणि अंतराळातली तलवारबाजी नको असेल, तर 'अँडॉर' या स्टार वॉर्सच्याच मालिकेपासून सुरू करावं. २०२२ आणि २०२५ चे मिळून २४ भाग, त्यानंतर २०१६ चा 'रोग वन', आणि लगेच १९७७ चा सिनेमा. एकाचा शेवट दुसऱ्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो. अलीकडच्या विज्ञानकथांत साध्या माणसाचं भय आणि हिंमत इतक्या नीट कुठे दाखवलेली नाही. पण पहिले तीन भाग सलग पाहा. एकट्या पहिल्या भागावर मत बनवलं तर मालिका संथ वाटून सुटते.

'डीमन स्लेअर' या अ‍ॅनिमेमध्ये डेटा वाया जायची खास जागा आहे. पहिल्या सीझनचे २६ भाग झाले की 'मुगेन ट्रेन' येते. ती २०२० चा सिनेमा म्हणूनही आहे आणि सात भागांची मालिका म्हणूनही. गोष्ट तीच, त्यामुळे दोन्हींपैकी एकच पाहायची. सिनेमा घ्यावा, तो घट्ट आहे. २०२५ चा 'इन्फिनिटी कॅसल' हा तीन सिनेमांतला पहिला, म्हणजे ही गोष्ट अजून संपलेली नाही.

मार्व्हलचे २००८ ते २०१९ मध्ये 'एंडगेम' पर्यंत २२ सिनेमे झाले. सगळे पाहायची गरज नाही. 'आयर्न मॅन', 'द अ‍ॅव्हेंजर्स', 'विंटर सोल्जर', 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' चा पहिला, 'सिव्हिल वॉर', 'थॉर: रॅग्नारोक', 'ब्लॅक पँथर', मग 'इन्फिनिटी वॉर' आणि 'एंडगेम'. एवढ्यात काम भागतं. 'एंडगेम' नंतरचं बरंचसं सोडलं तरी काही बिघडत नाही. 'गार्डियन्स' चा तिसरा (२०२३) मात्र चुकवू नका.

पायरी ३ : डेटाचा हिशेब

साध्या क्वालिटीत तासाला साधारण ७०० एमबी जातात, एचडीत ३ जीबीपर्यंत. सहा इंची स्क्रीनवर हा फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. 'आर्केन' चा भाग ४० मिनिटांच्या आसपास धरला तर रोज दोन भाग म्हणजे साडेनऊशे एमबी. दीड जीबीच्या पॅकमध्ये व्हॉट्सअ‍ॅपला अर्धा जीबी उरतो आणि नऊ दिवसांत मालिका संपते.

ऑनलाइन पाहूच नका, डाउनलोड करून पाहा. पहाटे चार ते सहा टॉवरवर गर्दी कमी असते, तेव्हा लावा. डाउनलोड सुरूच होत नसेल तर अ‍ॅप बिघडलं असं समजू नका. बहुतेक वेळा सेटिंगमध्ये 'फक्त वायफाय' चालू राहिलेलं असतं, ते बंद करा. प्ले स्टोअरचं आपोआप अपडेटही बंद करा, नाहीतर डेटा तिकडेच जातो. आवाजाची भाषा डाउनलोडच्या आधी निवडा. नंतर हिंदी हवी म्हटलं तर पुष्कळदा भाग पुन्हा उतरवावा लागतो. काही भाग एकदा सुरू केले की ४८ तासांत बंद पडतात, त्यामुळे चार भाग थोडे थोडे चाखून ठेवू नका. एक संपवा, मग दुसरा.

नेटफ्लिक्सचा फक्त मोबाईलचा स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालत नाही. चार घरचे पोट्टे मिळून टीव्हीवर पाहणार असतील तर पैसे भरण्याआधी हे बघून घ्या. मे महिन्यात टिनाखाली बसून, फोन चार्जिंगला लावून डाउनलोड करू नका. फोन तापला की स्वतःच मंदावतो आणि लोक नेटला शिव्या घालतात.

एक गोष्ट बिघाड वाटते, पण बिघाड नाही. 'स्पायडर-व्हर्स' च्या पहिल्या सिनेमात (२०१८) माइल्स या नवशिक्या स्पायडर-मॅनची हालचाल अडखळते. सेकंदाला २४ चौकटी असतात, पण त्याचं प्रत्येक चित्र दोन चौकटींना धरून ठेवलेलं आहे, म्हणजे सेकंदाला नवी चित्रं बाराच. त्याच दृश्यात मुरलेला स्पायडर-मॅन पीटर पार्कर पूर्ण चोवीसवर सरकतो. एक शिकाऊ, एक सरावलेला, हे असं दाखवलंय. फोन अडकतोय समजून क्वालिटी कमी करत बसू नका.

पायरी ४ : थिएटरचा खर्च कशावर करावा

नागपूर किंवा अमरावतीला जाऊन पाहावं असं वर्षातून एखादंच येतं. 'ड्यून' या वाळवंटी ग्रहावरच्या गोष्टीच्या दोन्ही सिनेमांसारखं. त्यातली वाळू आणि तो खालून येणारा घुमारा फोनच्या स्पीकरवर मरतो. घरी पाहणारच असाल तर निदान इयरफोन लावा. पहिला (२०२१) गोष्टीच्या मध्यावर थांबतो, दुसरा (२०२४) लगेच पाहा. दुसरा १६६ मिनिटांचा आहे. एवढ्या लांबीचा सिनेमा मध्यंतर, जाहिराती धरून तीन तासांच्या वर जातो. संध्याकाळी सहाचा शो घेतला तर बहुतेक गावांची शेवटची एसटी निघून गेलेली असते. दुपारी बाराचाच घ्या.

भाषा तिकीट काढताना पाहा. 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत आला होता, त्यात मराठीही होती. मराठी शो हवा असेल तर पहिल्या आठवड्यातच जावं. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की असे खेळ आधी उतरतात.

पायरी ५ : कॉमिक्स

व्हिडिओपेक्षा याला डेटा नगण्य लागतो. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, तो उजवीकडून डावीकडे वाचायचा, पानंही आणि पानातल्या चौकटीही. पुस्तक आपल्या सवयीने उघडलं तर थेट शेवटच हाती येतो. 'मांगा प्लस' या अधिकृत अ‍ॅपवर चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट मिळतात. भाषा इंग्रजी असते, पण वाक्यं छोटी. पहिल्या तीन प्रकरणांत चित्रकाराचा हात कळतो. नाही जमलं तर पैसे वाचले.

छापील संच घ्यायचा तर आधी खंड मोजा. 'डेथ नोट' १२ खंडांत संपते, 'फुलमेटल अल्केमिस्ट' २७, 'अटॅक ऑन टायटन' ३४. सुरुवातीला 'डेथ नोट' बरी. ऑर्डर देण्याआधी पिनकोड टाकून पाहा. कुरिअरवाले पुष्कळदा तालुक्यालाच थांबतात, पोस्टाने येणारं पार्सल मात्र गावात पोचतं. आणि मधला खंड 'उपलब्ध नाही' दाखवत असेल तर तो मिळेपर्यंत पुढचे घेऊन ठेवू नका.