नाव न आठवणारी टेलिफिल्म कशी शोधावी

लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेली एखादी टेलिफिल्म पुन्हा पाहावीशी वाटते आणि तिचे नावच आठवत नाही, अशा वेळी जे आठवते ते आधी कागदावर उतरवून काढावे. कारण चार जणांना विचारायला सुरुवात केली की त्यांच्या आठवणी आपल्या आठवणीत मिसळतात आणि पुढे त्या वेगळ्या काढता येत नाहीत. नटांच्या नावांपेक्षा प्रसंगांवर विसंबावे. ती कोणाच्या घरी व कोणत्या वारी पाहिली, हेही लिहावे. ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता आणि मुंबई केंद्रावर मराठी चित्रपट शनिवारी, तर हिंदी चित्रपट रविवारी लागत असे, त्यामुळे नुसता वार आठवला तरी शोध बराच आटोक्यात येतो.

रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नये. दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले, तरी आमच्यासारख्या अनेक घरांत त्यानंतरही कित्येक वर्षे कृष्णधवल संचच होता.

अनेक टेलिफिल्म कथांवर बेतलेल्या असत, म्हणून चित्रपट सापडत नसेल तर कथा शोधावी. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेली ‘सद्गती’ (१९८१) तासाभराचीही नाही, पण प्रेमचंदांची कथा ओळखीची असणारा माणूस एका प्रसंगावरून तिचे नाव सांगू शकतो. साल अंदाजे ठरल्यावर जुनी दैनिके चाळावीत, कारण त्यांत दूरदर्शनचे रोजचे कार्यक्रम छापून येत. त्यासाठी १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करावी. चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या चित्रपटासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहिता येते.

नातेवाइकांच्या माळ्यावर व्हिडिओ कॅसेट सापडली, तर ती लगेच व्हीसीआरमध्ये घालण्याचा मोह आवरावा. खाडीकाठच्या दमट हवेत फितीला बुरशी लागते. कॅसेटच्या खिडकीतून पांढुरका थर दिसला तर ती आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. मी हे न करता एक कॅसेट लावली आणि फितीबरोबर यंत्राचे हेडही, म्हणजे फीत वाचणारा भागही, खराब करून घेतले. कॅसेट स्वच्छ असेल, तर चुकून तिच्यावर काही मुद्रित होऊ नये म्हणून कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडावी आणि मगच फीत एकदा पूर्ण पुढे नेऊन मागे आणावी. संगणकावर उतरवताना आपल्याकडच्या मुद्रणासाठी ‘पाल’ (PAL) हीच आपल्याकडच्या टीव्हीची चित्रपद्धत निवडावी. परदेशातून आलेली कॅसेट वेगळ्या पद्धतीची असू शकते.

कॅसेटवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये आणि चित्रपट संपला म्हणून यंत्र थांबवू नये. घरी मुद्रित केलेल्या फितीच्या शेवटी जाहिराती, निवेदन किंवा आधीच्या मुद्रणाचे तुकडे उरलेले असतात. माझ्याकडच्या एका कॅसेटची तारीख अशीच अखेरीस उरलेल्या दोन मिनिटांच्या बातम्यांवरून ठरली.