स्क्रीन नको, नुसता आवाज: कमरेला लावायचा बोलणारा कॉम्प्युटर

फोन बोलतोच की, मग हा वेगळा कॉम्प्युटर कशाला, असं कोणीतरी विचारणारच. पण ज्या अंध माणसाला कोड लिहायचाय, टर्मिनलवर (टाइप करून कमांड द्यायच्या खिडकीत) काम करायचंय, काचेवर बोटं सरकवण्यापेक्षा खरी बटणं हवीयेत, त्याच्यासाठी हे आहे.

बोर्ड, म्हणजे एका पट्टीवरचा अख्खा छोटा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू घ्या, ६५ बाय ३० मिमी, रॅम ५१२ एमबी. डेस्कटॉपवाली सिस्टीम टाकू नका, एवढ्या रॅमवर बोर्ड रडतो. रास्पबेरी पायची लाइट ओएस (डेस्कटॉप नसलेली) टाका आणि एसडी कार्ड लिहितानाच इमेजर या कार्ड लिहायच्या प्रोग्राममध्ये वायफाय, युजर, एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरायची सोय) सगळं भरून घ्या, म्हणजे पहिल्या दिवसापासून लॅपटॉपवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन वाचणाऱ्या प्रोग्रामनेच आत शिरता येतं, कोणाचे डोळे उसने घ्यायला नको. हॉटस्पॉट मात्र २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ वालं याला दिसतच नाही. पोर्ट हाताने ओळखायचे तर एसडी कार्डाच्या बाजूने मोजा: मिनी एचडीएमआय, मग डेटा, मग पॉवर.

आता आवाज, सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. झिरोला हेडफोनचं भोकच नाहीये, आवाज एचडीएमआयकडे जातो, म्हणून डेटा पोर्टला ओटीजी केबल (छोट्या पोर्टला यूएसबी वस्तू जोडायची) लावून छोटं यूएसबी साउंड कार्ड जोडा आणि अल्सामध्ये, म्हणजे लिनक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये, तेच डिफॉल्ट करा. ब्लूटूथ हेडफोन नको. आवाज उशिरा येतो, आणि मधे शांतता झाली की हेडफोन झोपतो आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द खातो, अक्षर-अक्षर तपासणाऱ्याला हे अजिबात चालत नाही. वायरवाला इयरफोन, तोही एकाच कानात, कारण रस्त्यावर रिक्षा ऐकू यायलाच हवी. ब्लूटूथ कीबोर्डसाठी ठेवा.

बोलायला इस्पीक-एनजी (मजकुराचा आवाज करणारा प्रोग्राम), स्क्रीनवरचं वाचायला फेनरिर (टर्मिनलसाठीचा स्क्रीन रीडर). इस्पीकचा आवाज रोबोसारखा आहे, डोळस मित्र हसतील, हसू देत. की दाबली की लगेच बोलतो आणि गप्प केला की लगेच गप्प होतो, गोड आवाजापेक्षा हे महत्त्वाचं. डिफॉल्ट स्पीड मिनिटाला १७५ शब्द असतो, सरावलेल्याला तो गोगलगाय वाटतो, वाढवा. मराठीसाठी इस्पीकमध्ये व्हॉइस 'एमआर' (mr) निवडा. लिहायला ईमॅक्स हा एडिटर आवडत असेल तर त्याला बोलतं करणारं ईमॅकस्पीक बघाच, १९९५ पासूनचं आहे आणि ते बनवणारे टी. व्ही. रमण स्वतः अंध, पुण्यात गणित शिकलेले.

चालताना एक हात काठीला असतो हे विसरून डिझाइन करणारे खूप. म्हणून फेनरिरचा डेस्कटॉप लेआउट ठेवा, त्यात वाचायच्या कीज नंबरपॅडवर असतात, मग नुसता ब्लूटूथ नंबरपॅड पट्ट्याला अडकवला की एका हाताने काम होतं. मोठा कीबोर्ड बसल्यावर.

पॉवरबँक घेताना चालू करून तासभर तसाच ठेवून बघा, करंट कमी ओढला की बरेच पॉवरबँक आपोआप बंद होतात. आणि वायर उपटून बंद करायची सवय नको, कार्ड खराब होतं. बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतली फिजिकल पिन ५ आणि समोरची ६ यांच्यात एक बटण लावा, कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन ओव्हरले (बटणाने बंद करायची तयार सेटिंग) टाका, बंदही त्यानेच आणि परत चालूही त्यानेच. सोल्डरिंग जमत नसेल तर पिना आधीच लावलेलं झिरो २ डब्ल्यूएच मॉडेल घ्या.

सगळं नीट बोलायला लागलं की त्याच दिवशी कार्डाची इमेज (जशीच्या तशी नक्कल) काढून दुसऱ्या कार्डावर टाका आणि ते कार्ड पाउचच्या आतल्या कप्प्यात ठेवून द्या, कार्ड मेलं तर मशीन मुकं होतं आणि का झालं ते सांगतही नाही.